अल्झायमर : अकाली येणारे विस्मरण आणि त्याची शुश्रूषा

"वय झालं की विसरायला होतंच," असे आपण सहज बोलून जातो, आणि त्यात तसे खोटे काही नाही. भाजीत मीठ घातले की नाही हे आठवेना म्हणून आजीने पुन्हा घातले, किंवा नातवाला हाक मारताना घरातल्या चौघांची नावे घेऊन झाल्यावर पाचवे बरोबर आले, तर त्याला कोणी आजार म्हणणार नाही. पण जन्मभर ज्या हातांनी पिठले केले, त्या हातांना एके दिवशी पिठले कसे करतात हेच सुचेनासे झाले आणि ती बाई डाळीचे पीठ घेऊन चुलीपुढे नुसतीच उभी राहिली, तर मात्र थांबून पाहिले पाहिजे. ते विसरणे निराळे. आणि ते सत्तरीतच येते असेही नाही. कधी ते पन्नाशीत येते, क्वचित चाळिशीतही. आज बोलावयाचे आहे ते मुख्यतः या अकाली येणाऱ्या विस्मरणाबद्दल.

मी परिचारिका आहे. औषधांची बाजू डॉक्टरमंडळींची, ती त्यांनीच सांगावी. डॉक्टर रोग्याला दहा मिनिटे पाहतात; दिवसाचे उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटे तो आमच्या किंवा घरच्या माणसांच्या हाती असतो. त्या वेळात काय दिसते आणि काय करता येते, एवढ्यापुरताच माझा अधिकार.

ज्यांच्या नावाने हा रोग ओळखला जातो ते आलोइस अल्झायमर हे जर्मन डॉक्टर. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्ट शहरातील मनोरुग्णालयात त्यांनी एका बाईला तपासले. नाव ऑगुस्टे डेटर, नवरा रेल्वेत कारकून, वय अवघे ५१. संसार नीट चाललेला. मग ती नवऱ्यावर भलताच संशय घेऊ लागली, वस्तू लपवू लागली, स्वयंपाकात चुकू लागली, राहत्या घरात तिला वाट सापडेना. डॉक्टरांनी तिच्याशी झालेले बोलणे कागदावर टिपून ठेवले आहे. दुपारी तिच्यापुढे मांस आणि फ्लॉवर वाढलेला होता. काय खाता आहात, असे विचारले तर ती म्हणाली, पालक. नवऱ्याचे नाव विचारले तर तिने स्वतःचेच सांगितले. नाव लिहावयास दिले, तर पहिला शब्द लिहून पुढचे विसरून गेली. हे कागद पुष्कळ वर्षे हरवलेलेच होते. १९९५ मध्ये फ्रँकफर्टलाच ते पुन्हा हाती लागले.

१९०६ च्या एप्रिलात ही बाई वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर कसल्या तरी पदार्थाचे साकळलेले ठिपके होते आणि पेशींच्या आत पीळ पडलेले धागे होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथे डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे सांगितले. पुढे १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. ते ठिपके अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि धागे टाउ नावाच्या प्रथिनाचे असतात, हे आता ठाऊक झाले आहे. पाटात हळूहळू गाळ बसावा आणि टोकाच्या वाफ्याला पाणी पोचेनासे व्हावे, तसे काहीसे मेंदूत होते. हा गाळ लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून बसत असतो. मेंदूतला जो भाग नवी नोंद करतो त्यालाच बहुधा पहिला धक्का लागतो. म्हणून सकाळचा चहा घेतल्याचे आठवत नाही, आणि लग्नात कोणकोण रुसले होते ते मात्र बरोबर आठवते. "सोंग करतोय" असा आरोप रोग्यावर होतो तो यामुळेच.

त्या जुन्या हकिगतीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आम्हां परिचारिकांचे लक्ष आधी जाते. ऑगुस्टेबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या. पडून पडून अंगाला व्रण झाले, त्यांतून विष रक्तात गेले, आणि त्यात मृत्यू आला. मेंदूतला गाळ आजही कोणाला धुऊन काढून रोगी बरा करता आलेला नाही. पण अंथरुणातले व्रण, घशात अडकलेला घास, लघवीतला जंतुदोष, तहानलेले शरीर, रात्रीची भीती, हे सारे त्या गाळाने थेट होत नाही. ते सांभाळण्यात कसूर झाली की होते. या रोगात हाल होतात त्यांतले पुष्कळसे या दुसऱ्या जातीचे असतात आणि ते आपल्या हातचे असतात. माझे सगळे सांगणे या एका गोष्टीभोवती आहे.

गंमत अशी, की पहिली रोगी ५१ वर्षांची असल्यामुळे पुढे कित्येक दशके 'अल्झायमर' हे नाव पासष्टीच्या आतल्या रोग्यांसाठीच राखून ठेवले गेले. म्हातारी माणसे विसरू लागली की त्यांना नुसते 'म्हातारचळ' म्हणत. दोन्हीकडे रोग बहुतांशी एकच आहे, हे डॉक्टरांनी सर्रास मान्य केले ते १९७० नंतरच्या दशकात. आता पारडे उलटे झुकले आहे. हा म्हाताऱ्यांचाच रोग, अशी सर्वांची समजूत होऊन बसली आहे आणि तरुण रोगी कोणाच्या ध्यानातच येत नाही.

एक शब्द स्पष्ट करते. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हे लक्षणांच्या समूहाचे नाव. जसे आपण 'ताप' म्हणतो. ताप हिवतापाने येतो, विषमज्वरानेही येतो. तसाच स्मृतिभ्रंश मेंदूतील रक्तवाहिन्या तुंबून येतो, इतर विकारांनीही येतो. त्यांत सर्वांत मोठा वाटा अल्झायमरचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणे भारतात साठीपुढील दर शंभर माणसांत सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे सुमारे ८८ लाख. आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. पासष्टीच्या आत सुरू झाला तर त्याला अकाली अल्झायमर म्हणतात. अल्झायमरच्या सगळ्या रोग्यांत असे थोडेच, शंभरात पाच-सहा. पण ज्या घरात होतो त्या घरात हा आकडा काय कामाचा? तिथे कमावता माणूस जातो.

अकाली अल्झायमर ओळखणे अवघड, कारण तो पुष्कळदा विसरण्यापासून सुरूच होत नाही. कुणाला शब्द सापडेनासे होतात, बोलताना दर वाक्याला "ते हे... अहो ते..." असे चाचपडत राहतो. कुणाचे पाहणेच बिघडते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम म्हणून सांगितलेले, चष्मा दोनदा बदललेला, तरी वाचताना ओळ सुटते, पायरी कुठे संपली ते कळत नाही, समोर ठेवलेली वाटी दिसत नाही. तो दोष मेंदूच्या मागच्या भागातला असतो. कुणाचे वागणेच आधी बदलते. हौशी माणूस कोपऱ्यात बसून राहतो, मवाळ माणूस एकदम अंगावर येतो.

समजा, पन्नाशीचे एक मास्तर आहेत. तीस वर्षे गणित शिकवले. अलीकडे फळ्यावर उदाहरण अर्धे सोडवून थांबतात. हजेरीपटात कालचीच तारीख टाकतात. पगारपत्रकाची बेरीज चारदा करतात आणि चारदा निराळी येते. शाळेत कुजबूज होते, मास्तर प्यायला लागले वाटतं. घरी बायको म्हणते, माझ्याकडे लक्षच नाही यांचं. भावकीतले कोणी सुचवतात, काहीतरी बाहेरचं आहे, दाखवून आणा. मास्तरांना स्वतःला काहीतरी निसटते आहे हे कळत असते आणि ते लपवण्याचा त्यांचा आटापिटा चाललेला असतो. खिशात चिठ्ठ्या, तळहातावर लिहिलेले, विद्यार्थ्यालाच फळ्यावर उभे करणे. असे दोन वर्षे चालते. या दोन वर्षांत नोकरी जाते, अब्रू जाते, कधी घरही दुभंगते. डॉक्टर भेटतो तो या सगळ्यानंतर.

म्हणून श्रोत्यांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. सहकाऱ्याच्या कामात असा फरक सहा महिने दिसत राहिला, तर त्याच्यामागे बोलण्याऐवजी त्याच्या घरी जाऊन बोला.

आता एक आशेची बाजू. विस्मरण दिसले की अल्झायमरच, असे मुळीच धरून चालू नये. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, विशेषतः केवळ शाकाहार करणाऱ्यांत, तरी डोके चालेनासे होते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी होते. खोल निराशेने होते, दारूने होते, झोपेच्या गोळ्यांनी होते. महिन्यापूर्वी बैलाने ढुशी दिली किंवा माणूस ओट्यावरून पडला, तेव्हा काही वाटले नाही, पण कवटीच्या आत हळूहळू रक्त साकळले, असेही घडते. यांतल्या बहुतेकांवर उपाय आहे. काही रोगी पूर्ण बरे होतात. त्यासाठी रक्ताची तपासणी आणि मेंदूचे छायाचित्र, म्हणजे सीटी किंवा एमआरआय, करून घेतले पाहिजे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून जिल्हा रुग्णालय, असा रस्ता धरावा. आणि बदल दोन दिवसांत एकाएकी झाला असेल तर तो अल्झायमर नव्हेच समजा. ताप, लघवीचा दोष, साखर कमी होणे, पक्षाघात यांपैकी काही असेल, ताबडतोब दवाखाना गाठावा.

तरुण माणसाला हा रोग निघाला की मुले विचारतात, आम्हांलाही होणार का? बहुतेक घरांत याचे उत्तर, तसे नाही. अकाली रोग्यांतल्याही थोड्यांतच तो सरळ वारशाने येतो. मात्र ज्या मोजक्या घराण्यांत विशिष्ट जनुकातला दोष उतरत आलेला असतो, तिथे आईबापांपैकी एकाला तो असला तर प्रत्येक मुलाला होण्याचा संभव निम्मा, म्हणजे छापा की काटा. लागोपाठच्या पिढ्यांत चाळिशी-पन्नाशीतच असे झालेले असेल तर डॉक्टरांना तसे मुद्दाम सांगावे. जन्मतः डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांतही हा रोग लवकर, चाळिशी-पन्नाशीत, दिसू लागतो. त्यांच्या घरच्यांनी ते ध्यानात ठेवावे.

वारशाने येणाऱ्या या प्रकाराबद्दल जगाला जे कळले, त्यातले पुष्कळसे एका डोंगराळ खेड्यांच्या मुलखातून कळले, आणि त्यात एका परिचारिकेचा मोठा वाटा आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात अँटिओकिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या काही शेतकरी घराण्यांत माणसे पंचेचाळीसच्या सुमारास विसरू लागत आणि पन्नाशीच्या आसपास पार हरवून जात. लोक त्याला 'ला बोबेरा', म्हणजे खुळेपणा, म्हणत. कोणी म्हणे शाप आहे, कोणी म्हणे अमुक झाडाला हात लावल्याने होते. १९८० नंतरच्या दशकात डॉक्टर फ्रान्सिस्को लोपेरा आणि त्यांच्याबरोबर परिचारिका लुसिया माद्रिगाल यांनी या घरांचा माग काढला. गावोगावी जायचे, ओसरीवर बसायचे, चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या वह्या उलटायच्या, कोण कोणाचा कोण ते लिहायचे. असे करीत काही हजार माणसांची वंशावळ उभी राहिली आणि ती शेकडो वर्षे मागे जाऊन पोचली. शास्त्रज्ञांनी त्यातला जनुकदोष हुडकला, तो माद्रिगालबाईंनी ओसऱ्यांवर बसून लिहिलेल्या वंशावळीच्या आधाराने. याच घराण्यांत २०१३ पासून एक औषध लक्षणे दिसण्याआधीच देऊन पाहिले. २०२२ मध्ये निकाल लागला तो फारसा गुण नसल्याचा. पण त्याच घराण्यातली एक बाई, तोच दोष अंगात असून, सत्तरी येईपर्यंत ठीक राहिली. तिच्यात दुसरा एक दुर्मीळ जनुकबदल सापडला, त्याने बहुधा तिला तारले. २०१९ मध्ये तिची हकिगत प्रसिद्ध झाली, आणि शास्त्रज्ञ आता त्या वाटेने शोध घेत आहेत.

औषधांबद्दल थोडक्यातच सांगते. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमँटिन या गोळ्या काहींना काही काळ थोडा आधार देतात. लेकॅनेमॅब आणि डोनॅनेमॅब ही शिरेतून द्यावयाची नवी औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्णपणे मान्य झाली. ती गाळ कमी करतात आणि रोगाची चाल थोडी मंद करतात, तीही अगदी सुरुवातीला दिली तरच. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असतो म्हणून पुन्हापुन्हा एमआरआय करावा लागतो. रोग बरा करणारे औषध अजून नाही. बाजारात स्मरणशक्तीची म्हणून चूर्णे आणि बाटल्या विकतात, त्यांवर शेतीचे पैसे घालवू नयेत, हे मी स्पष्टच सांगते.

आता घरच्या शुश्रूषेकडे वळू.

आपल्याकडे एक वाईट खोड आहे. आजारी माणसाला भेटावयास जो येतो तो समोर उभा राहून विचारतो, "मला ओळखलंत का? सांगा पाहू मी कोण?" बिचाऱ्याची रोज अशी परीक्षा आणि रोज नापास. ते बंद करा. दारातूनच म्हणावे, "बाबा, मी सुमन आले, तुमची धाकटी." ओळख आपण द्यावी, मागू नये.

तोच प्रश्न वीसदा विचारतात, "बाजार कधी आहे?" विसाव्या वेळी आवाज चढतो, माणूस आहे, चढणारच. पण त्याच्या लेखी तो प्रश्न पहिलाच असतो, आणि चढलेला आवाज मात्र बरोबर समजतो. शब्द गेले तरी बोलण्याचा सूर कळण्याची शक्ती फार उशिरापर्यंत शाबूत राहते. आजीबाई आपल्याच घरात बसून "मला घरी सोडा" म्हणते, चाळीस वर्षांपूर्वी वारलेली आई तिला हवी असते. "आई केव्हाच मेली," असे खरे ते सांगून काय साधते? तिला ते सुतक नव्याने लागते, दर वेळी. उगाच खोट्या गोष्टी रचाव्यात असेही मी म्हणणार नाही. "आई तुमची काय काय करायची हो?" असे विचारावे. ती सांगू लागते आणि सांगता सांगता निवते.

चोरीचा आळ हा तर ठरलेला. तो बहुधा सगळ्यांत जास्त राबणाऱ्या सुनेवर येतो. "पाटल्या हिनंच घेतल्या." सूनबाई रडते. तिला घरातल्यांनी आधी सांगून ठेवले पाहिजे की हे बोलणे रोगाचे आहे. ऑगुस्टेबाईंचा संशयही याच जातीचा होता. "मी घेतल्या नाहीत," असा वाद घालू नये, "चला, दोघी मिळून शोधू," म्हणावे. लपवण्याच्या जागाही ठरलेल्या असतात: पिठाचा डबा, उशीची खोळ, कपड्यांच्या घडीत.

आंघोळीला नकार येतो. तो हट्ट नसतो, भीती असते. पाणी किती खोल आहे याचा अंदाज येत नाही, डोक्यावरून तांब्या आला की जीव घाबरा होतो. नेहमीची वेळ ठेवावी, पाणी कोमट असावे, आधी पायांवर घालावे, अंगावर पंचा असू द्यावा. एका वेळी एकच गोष्ट सांगावी: "हात वर करा." तो झाला की पुढची. नऊवारी नेसणे जमेनासे झाले की मोकळा झगा. धोतराऐवजी नाडी नसलेला, रबराचा पायजमा. इतकी वर्षे लुगड्यात वावरलेल्या आजीला झग्यात ओशाळे वाटते. वरून पदरासारखी ओढणी दिली तर बरे वाटते.

जेवताना भरलेले ताट पुढे आले की कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही. एका वेळी एकच पदार्थ द्यावा. पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात त्यांना दिसतच नाही. रंगीत ताटली घ्यावी. घास करता येईना तर भाकरीचा तुकडा हातात द्यावा, हात आपोआप तोंडाकडे जातो. पाणी आठवणीने पाजावे, कारण तहान लागल्याचे सांगता येत नाही. पुढे गिळणे बिघडते. तेव्हा उताणे निजवून भरवू नये, कधीच नाही. ताठ बसवावे, लहान घास, आधीचा गिळला हे पाहून पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. पातळ चहाने ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारून दाट पदार्थांवर यावे.

दिवेलागणीला रोगी अस्वस्थ होतो, येरझारा घालतो. अंधार पडण्याआधीच दिवा लावावा, दुपारची झोप थोडी ठेवावी. दाराबाहेर पडून वाट चुकण्याचे भय मोठे. म्हणून सदऱ्याच्या आत नाव, गाव आणि फोन शिवून टाकावा. एसटी थांबा, वाण्याचे दुकान, शेजारपाजार यांना सांगून ठेवावे. त्यात लाज धरू नये. विहिरीला झाकण, गॅसची चावी बंद, कोयता-विळा आणि फवारणीचे औषध कुलपात. पण माणसाला खाटेला बांधू नये. बांधलेला माणूस धडपडतो, पडतो, त्याच्या अंगाला व्रण होतात.

हात रिकामे ठेवू नयेत. शेंगा फोडणे, लसूण सोलणे, वाती वळणे, दाव्याला पीळ घालणे. हातांची आठवण डोक्यातल्या आठवणीपेक्षा चिवट असते. पुन्हा तेच धान्य निवडायला दिले तरी चालते. आणि गाणे. लेकाचे नाव न आठवणारी बाई जात्यावरची ओवी सुरू झाली की पुढचे चरण आपण होऊन म्हणते, हे मी पाहिलेले आहे. भजनाला नेत होतात तर नेत राहा.

रोगी एकाएकी जास्त बिघडला, झोपून राहू लागला किंवा मारू लागला, तर "रोग वाढला" म्हणून गप्प बसू नये. दात दुखत असेल, पोट साफ नसेल, लघवीची जळजळ असेल. त्याला सांगता येत नाही, म्हणून आपण शोधावयाचे. अंथरुणाला खिळल्यावर दर दोन तासांनी कूस बदलावी, ओले कपडे तत्काळ काढावेत, माकडहाड, टाचा, खांदे रोज उजेडात पाहावेत. त्वचा लाल दिसली तर ती चोळू नये. तो भाग दाबाखालून सोडवावा आणि आरोग्यसेविकेला दाखवावा.

तरुण रोग्याची गोष्ट आणखी अवघड. त्याचे शरीर धडधाकट असते, आणि आपले काय होत आहे ते त्याला कळत असते. निराशा घेरते; अशा वेळी एकटे सोडू नये, तिच्यावर औषध आहे. मोटारसायकल व ट्रॅक्टर वेळीच थांबवावा, हिशेब दुसऱ्याने पाहावा, पण गुरांना वैरण घालणे, पाणी धरणे ही कामे जमतात तोवर त्याची त्याला करू द्यावीत. बँक, सातबारा, वारस यांचे कागद त्याला समजते आहे तोवर, त्याला विचारून, उजेडात करावेत. पुढे अंगठे उठवून घेणारे पुष्कळ भेटतात. नोकरदाराने घाईने राजीनामा लिहू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आस्थापनेत सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या माणसाला त्या कारणावरून काढता किंवा खाली उतरवता येत नाही. झेपेल अशा जागी त्याच पगारावर नेमावे, असे ते कलम आहे. आधी डॉक्टरांकडून प्रमाणपत्राची चौकशी करावी.

आणि अशा घरातली मुले. बाप आपल्याला ओळखत नाही हे दहा वर्षांच्या मुलाला कोणी समजावून सांगत नाही. तो गृहपाठ करत नाही, वर्गात डुलक्या घेतो, कारण रात्री बापामागे दार राखायला तोच उठतो. गुरुजी-बाईंनी छडी उचलण्यापूर्वी एकदा त्याच्या घरी डोकावावे. शाळेचा या रोगाशी आणखीही एक संबंध आहे. २०२४ मध्ये जगातील तज्ज्ञांच्या एका मंडळाने असे मांडले की टाळता किंवा बदलता येण्याजोगी १४ कारणे आवरली तर जगातले जवळजवळ निम्मे स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील. त्यांत रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ओढणे, कमी ऐकू येणे, डोक्याला मार ही आहेतच. पण लहानपणी शिक्षण कमी मिळणे हेही एक कारण धरलेले आहे. म्हणजे पाचवीतून मुलीला काढू नका म्हणून तुम्ही बापाची मनधरणी करता, ती तिच्या साठीच्याही कामी येते.

शुश्रूषा करणारीचे काय? ती बहुधा बायको किंवा सून असते, आणि तिची विचारपूस कोणी करत नाही. आठवड्यातून दोन दुपारी तरी दुसऱ्या कोणी रोग्याजवळ बसावे. दिराने, नणंदेने, शेजारच्या पोराने. ती माहेरी जाऊन आली तर जग बुडत नाही. तिला स्वतःला सोसवेना झाले तर टेलि-मानस हा सरकारी फोन आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. साठीपुढच्या माणसांच्या अडचणींसाठी १४५६७ हा निराळा क्रमांक आहे. फोन करताना किंवा दवाखान्यात जाताना एक वही जवळ असावी: पहिला बदल केव्हा दिसला, कोणता दिसला, झोप किती, खाणे किती, चालू गोळ्या कोणत्या. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत ही वही फार उपयोगी पडते.